आजाराला चिकटणारा कलंक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजारापेक्षा 'लोकांना कळलं तर?' याचीच धास्ती जास्त, अशा अर्थाचे निरोप मला जवळजवळ रोज येतात. रुग्णांच्या समुपदेशनाचं काम करताना समोर बसून विचारलेले आणि लिहून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्याची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, भाषा शक्यतो त्यांचीच ठेवलीय. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिलेत. तुमच्या औषधांबद्दल मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, या पानावर भिस्त ठेवू नका.

१. कलंक कलंक म्हणतात तो नेमका काय? लोक नावं ठेवतात, एवढंच ना?

नावं ठेवणं ही झाली सुरुवात. कलंकाला इंग्रजीत 'स्टिग्मा' म्हणतात, तो शब्द मूळ ग्रीक. गुलामाच्या किंवा गुन्हेगाराच्या अंगावर डाग देऊन केलेली खूण, असा त्याचा अर्थ. बघणाऱ्याला लांबूनच कळावं, याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली या विषयावर सविस्तर लिहिलं आणि तेव्हापासून हा शब्द अभ्यासकांच्या तोंडी रुळला.

पुढे २००१ मध्ये ब्रूस लिंक आणि जो फेलन यांनी त्याची फोड केली. आधी माणसावर शिक्का बसतो. त्या शिक्क्याला एखादी वाईट समजूत चिकटते. मग 'आपण' आणि 'ते' अशी भिंत उभी राहते, माणसाची पत घसरते आणि भेदभाव सुरू होतो. हे सगळं घडवायला हातात सत्ता लागते, हा त्यांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रुग्णाने डॉक्टरला मनातल्या मनात खडूस म्हटलं तर डॉक्टरचं काही बिघडत नाही. डॉक्टरने रुग्णाला मनातल्या मनात 'बेवडा' म्हटलं, की त्याच्या पोटदुखीची तपासणी दोन मिनिटांत उरकते.

२. हे सगळं कोणकोणत्या आजारांच्या वाट्याला येतं?

कुष्ठरोग, क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, अपस्मार म्हणजे फिट येणं, व्यसन आणि लैंगिक आजार ही नावं कोणीही सांगेल. पण माझ्याकडे येणारे निम्मे प्रश्न यादीत नसलेल्या गोष्टींचे असतात. अंगावरचे पांढरे डाग, लठ्ठपणा, मूल न होणं, बाळंतपणात झालेल्या इजेमुळे लघवी न थांबणं, मूळव्याध. स्तनातली गाठ महिनोन्‌महिने कोणालाही न दाखवणाऱ्या बायका तर किती.

आजार डोळ्यांना दिसतो का, तो 'लागेल' अशी भीती आहे का, त्याचा संबंध लैंगिकतेशी जोडला जातो का, आणि 'स्वतःच्या कर्माने ओढवून घेतलाय' असं लोकांना वाटतं का, यावर कलंक किती चिकटणार ते ठरतं. शेवटचं सगळ्यात चिवट. फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचं सांगितलं की समोरचा आधी विचारतो, 'सिगारेट ओढायचात का?' आयुष्यात एकदाही सिगारेट न ओढलेल्यांनाही हा रोग होतो. ज्यांनी ओढली, त्यांना तरी त्या क्षणी हिशेब मागायची गरज काय?

३. मला आजवर कोणी काही बोललेलं नाही. तरी दवाखान्याची पायरी चढायची भीती वाटते. हा माझ्याच मनाचा खेळ का?

तुमच्या मनातला आहे, पण तुम्ही निर्माण केलेला नाही. प्रत्यक्ष वाट्याला आलेला भेदभाव हा एक प्रकार. 'कळलं तर असं होईल' ही धास्ती हा दुसरा. आणि लोक म्हणतात ते खरंच आहे, मी तसाच आहे, असं स्वतःलाच पटणं हा तिसरा. लहानपणापासून आपण दुसऱ्या कोणाबद्दलची कुजबुज ऐकत आलेलो असतो. पुढे तोच आजार आपल्याला झाला की ती कुजबुज आपल्याबद्दलची होते, आणि त्यासाठी कोणी तोंड उघडावंही लागत नाही.

एकदा औषधांच्या खिडकीबाहेर बाकावर बसलेली एक बाई बघितली. गोळ्यांची डबी पदराखाली धरून ती नखाने डबीवरचं लेबल खरवडत होती. कागद पुरता निघेना, तेव्हा थुंकी लावून घासलं. मग पर्समधून व्हिटॅमिनची रिकामी बाटली काढून गोळ्या तीत ओतल्या. आजूबाजूला कोणाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. तिला आधी कोणी काही बोललं होतं का, हे मी विचारलं नाही. पण लेबल गेलं तेव्हा गोळीचं नाव, कधी घ्यायची ती सूचना आणि मुदतीची तारीखही गेली. धास्तीने होणारं नुकसान बरेचदा असं, दोन इंच कागदाएवढं असतं.

तिसरा प्रकार सगळ्यात खोल जातो, कारण 'आता बरं होऊन तरी काय करायचंय' असं वाटायला लागतं आणि माणूस तपासणीची तारीख चुकवतो. तुम्ही हे विचारलंत, म्हणजे तिथवर गेलेला नाहीत. पहिल्या भेटीला कोणाला तरी सोबत न्या.

४. लाज वाटते हे मान्य. पण लाजेने तब्येत कशी बिघडेल?

मुख्यतः वेळ गेल्यामुळे. दुखणं अंगावर काढणं हा आपला शब्दप्रयोगच बघा, जणू ते पावसासारखं अंगावर घेतलं की सरून जाईल.

कुष्ठरोगात हे लख्ख दिसतं. हा रोग मायकोबॅक्टेरियम लेप्री या जिवाणूमुळे होतो, हे नॉर्वेच्या गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ पासून शिफारस केलेल्या बहुऔषध उपचाराने तो सहा ते बारा महिन्यांत बरा होतो. सुरुवातीला त्वचेवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा एवढंच असतं. तेव्हा औषध घेतलं तर पुढे कोणाला पत्ताही लागत नाही. पण 'चट्टा दाखवला तर नाव लागेल' म्हणून माणूस तो लांब बाहीखाली झाकतो. दरम्यान नसांना इजा होत राहते. हाताची संवेदना जाते, गरम भांड्याचा चटका कळत नाही, जखमा चिघळतात, बोटं वाकतात. नसांची ही हानी बरेचदा भरून येत नाही. मग तो वाकलेला हात बघून लोक म्हणतात, 'बघा, किती भयंकर रोग आहे.' लोकांना भिववतं ते उशिराचं रूप असतं, आणि तो उशीर भीतीनेच केलेला असतो. कलंक आणि आजार एकमेकांना असे पोसतात.

क्षयरोगात गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. उपचार बहुधा सहा महिन्यांचा. घरी किंवा कामावर कळू नये म्हणून गोळ्या चोरून घ्यायच्या, पाहुणे आले की दोन दिवस नाहीच, गाव बदललं की नव्या गावच्या उपचार केंद्रात नाव घालायचं नाही. औषधं अशी तुटक घेतली की जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२३ मध्ये जगात १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला, पण त्या वर्षी नव्याने निदान होऊन नोंद झाली सुमारे ८२ लाखांची. मधली तफावत सगळी कलंकाची नव्हे. केंद्र लांब असतं, पैसे नसतात, तपासणीची सोय नसते. पण खोकला तोंडावर रुमाल दाबून लपवणारेही त्यातच आहेत.

तिसरी वाट म्हणजे डॉक्टरला अर्धवट माहिती देणं. दारू किती, आधीच्या गोळ्या कोणत्या, गर्भपात झाला होता का, या प्रश्नांना खोटी उत्तरं गेली की निदान चुकतं, कधी दोन औषधं एकमेकांच्या जिवावर उठतात. शिवाय सतत सावध राहणं शरीरालाही सोसत नाही. झोप उडते, ताणाची संप्रेरकं चढी राहतात, रक्तदाबावर त्याचा परिणाम होतो. नोकरी गेली, भाड्याची खोली गेली, माणसं तुटली तर तेही तब्येतीच्याच खात्यात जमा होतं. म्हणून मार्क हॅट्झनब्युलर, फेलन आणि लिंक यांनी २०१३ मध्ये कलंकाला आरोग्यातल्या विषमतेचं एक मूलभूत कारणच म्हटलं. मला ते अतिशयोक्त वाटत नाही.

५. डॉक्टर, नर्स तर शिकलेले असतात. तेही भेदभाव करतात का?

करतात. सगळे नाही आणि बहुतेक वेळा मुद्दामही नाही, म्हणूनच तो पकडायला अवघड.

मी पूर्वी एका रुग्णालयात काम करायचे, तिथे एचआयव्ही असलेल्यांच्या फाइलच्या कोपऱ्यात लाल ठिपका काढत. हेतू म्हणे काळजी घेता यावी. महिन्याभरात त्या ठिपक्याचा अर्थ सफाई कामगारांपासून शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक झाला. मी तक्रार केली, तेव्हा ठिपका निळा झाला.

यातली खरी चूक वैद्यकीय आहे. रक्त आणि शरीरातल्या द्रवांबाबतची काळजी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच घ्यायची, हा नियम १९८० च्या दशकापासून रूढ आहे. कारण उघड आहे. ज्याची तपासणीच झालेली नाही, त्याच्या फाइलवर ठिपका कुठून येणार? ठिपका बघून हातमोजे घालणारा माणूस ठिपका नसला की बेफिकीर होतो.

दुसरा प्रकार म्हणजे आजाराच्या सावलीत दुसरा आजार झाकला जाणं. मानसिक आजार असलेल्याने छातीत दुखतं म्हटलं की 'टेन्शन असेल', वजन जास्त असलेल्याने गुडघा दाखवला की 'आधी वजन कमी करा'. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी १० ते २० वर्षं आधी जातात. त्यांतले बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या शरीराच्या आजारांनी होतात, म्हणजे वेळेवर दखल घेतली तर टाळता येण्याजोगे.

असं वाटलं तर तपासणाऱ्याला एकच गोष्ट विचारून बघा: 'मला हा आधीचा आजार नसता, तर या त्रासासाठी तुम्ही कोणती तपासणी सांगितली असती?' रागाने नको, साध्या आवाजात. बऱ्याच डॉक्टरांचा हात तिथे थबकतो.

६. सगळ्यांना सांगायलाच हवं का? आणि कोणाला आधी?

सगळ्यांना नाही. उपचार करणाऱ्यांना खरं सांगा, दातांच्या डॉक्टरांनाही. औषधांची आपापसातली टक्कर त्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार? ज्यांना धोका असू शकतो त्यांना सांगणं भाग आहे. क्षयरोग असेल तर घरातल्यांची, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांची तपासणी लागते. एचआयव्ही किंवा लैंगिक आजार असेल तर जोडीदाराची. हे सांगायला जमत नसेल तर समुपदेशकाच्या समोर, त्याच्या मदतीने सांगता येतं.

बाकी शेजारी, चुलत-मावस आणि ऑफिस यांचा तुमच्या रिपोर्टवर काही हक्क नाही. भारतात २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याने, काही ठरावीक अपवाद सोडता, कोणाची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीविना उघड करायला आणि त्यावरून नोकरीत, शिक्षणात वा उपचारात भेदभाव करायला मनाई केली आहे. इतर आजारांना आणि इतर देशांना नियम वेगळे लागतात.

एक व्यवहारातला सल्ला. पहिल्यांदा सांगाल ते अशा एकाच माणसाला, ज्याने पूर्वी तुमचं एखादं गुपित राखलंय. दोन वाक्यं आधी ठरवून ठेवा: काय झालंय आणि तुम्हाला त्याच्याकडून काय हवंय. दुसरं वाक्य नसलं की समोरचा घाबरून सल्ले द्यायला लागतो. शिवाय सांगितलेलं परत घेता येत नाही, तेव्हा भांडणाच्या भरात किंवा रिपोर्ट हातात पडल्या पडल्या सांगू नका.

७. एका ताटात जेवलं, एक संडास वापरला तर लागण होते का?

एचआयव्हीची नाही. हात धरण्याने, मिठी मारण्याने, डास चावल्यानेही नाही. औषधं नीट चालू असून रक्तातला विषाणू चाचणीत सापडण्याच्या पातळीखाली गेला असेल, तर लैंगिक संबंधांतूनही तो जोडीदाराला जात नाही. क्षयरोग हवेतून, खोकल्यातून पसरतो, भांड्यांतून नाही, म्हणून ताट वेगळं करून खिडकी बंद ठेवणारं घर नेमकं उलटं वागतं. कुष्ठरोग सहजासहजी लागतच नाही. बहुतेकांच्या शरीरात त्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, आणि औषध सुरू झालं की रुग्णाकडून तो पसरत नाही.

८. पण काही रोग खरोखर पसरतात. मग लांब राहणं म्हणजे कलंक कसा? ती तर खबरदारी झाली.

प्रश्न रास्त आहे आणि 'भेदभाव करू नका' असं म्हणून त्याची बोळवण करणं मला आवडत नाही.

खबरदारीला मुदत असते. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात योग्य उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरण्याचा धोका खूप घटतो. तोवर मास्क, उघड्या खिडक्या, शक्य असेल तर वेगळी खोली. त्यानंतर डॉक्टरांनी मोकळीक दिली की हे संपायला हवं. खबरदारी रोगाच्या मार्गावर असते. रोग हवेतून जात असेल तर हवेची काळजी, कपाची नाही. आणि ती माणसाला कारण सांगून, त्याच्याशी बोलून घेतली जाते. सहा महिन्यांनी, रिपोर्ट स्वच्छ आल्यावरही कप वेगळाच राहिला, तर तिला खबरदारी म्हणू नका.

इतिहासात ही रेघ किती सहज पुसली गेली ते बघा. हवाई बेटांपैकी मोलोकाई बेटावरच्या कलाउपापा इथे १८६६ पासून कुष्ठरुग्णांना सक्तीने पाठवलं जाई. सुमारे ८,००० माणसं तिथे गेली. प्रभावी औषध १९४० च्या दशकात आलं, सक्तीचा कायदा उठला १९६९ मध्ये. जपानमध्ये तर तो १९९६ पर्यंत टिकला. २००१ मध्ये कुमामोतो इथल्या न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला आणि सरकारने अपील न करता भरपाई दिली. औषध आल्यानंतरच्या त्या सगळ्या वर्षांना रोगाचं कारण देता येत नाही.

९. थोडी लाज वाटली तरच माणूस सुधारतो ना? सिगारेट, दारू, वजन यांबाबतीत तरी?

हा प्रश्न बहुतेक वेळा रुग्ण विचारत नाही, त्याचे घरचे विचारतात.

सिगारेट ओढणं समाजात कमी प्रतिष्ठेचं झालं, सार्वजनिक ठिकाणी बंदी आली, कर वाढला आणि ओढणारे घटले, हे खरं. पण बंदी आणि कर कृतीवर बसतात. लाज माणसावर बसते, आणि ती बसली की तो सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरला खरं सांगणं सोडतो. वजनाबाबत तर अभ्यास बऱ्यापैकी एकमुखी आहेत. टोमणे खाणाऱ्यांचं वजन कमी होण्याऐवजी वाढण्याकडेच कल दिसतो. माणूस तणावात खातो, चारचौघांत व्यायाम टाळतो आणि वजनकाट्यासाठी दवाखान्यात जायचंही टाळतो. व्यसनात लाज जिवावर बेतते, कारण लपून आणि एकट्याने घेणाऱ्याला जास्त डोस झाला तर मदतीला हाक मारणारंही कोणी नसतं.

'तू पितोस त्याचा मला त्रास होतो' हे जरूर म्हणा. 'तू बेवडा आहेस' म्हणू नका. पहिल्या वाक्यानंतर संभाषण पुढे जाऊ शकतं.

१०. आजाराचं नाव बदलून काही फरक पडतो का? की नुसतीच रंगरंगोटी?

पडतो, पण थोडा आणि थोडा काळ. मराठीत 'महारोग' मागे पडून 'कुष्ठरोग' आला, तो याचसाठी. जपानमध्ये स्किझोफ्रेनियाच्या जुन्या नावाचा अर्थ 'मन दुभंगण्याचा रोग' असा होता. २००२ मध्ये ते बदलून 'मनाचा मेळ बिघडणं' अशा अर्थाचं नाव आलं, आणि रुग्णाला त्याचं निदान सरळ सांगणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत चांगलंच वाढलं. डॉक्टरांनाही आधी ते नाव तोंडावर घ्यायला जड जात होतं, असा याचा अर्थ. १९८२ च्या सुमारास एड्सला समलिंगी पुरुषांशी जोडणारं नाव दिलं गेलं होतं, ते लगेच मागे घ्यावं लागलं. २०१५ पासून तर नव्या रोगांना गावाचं, माणसांचं किंवा प्राण्याचं नाव देऊ नये असा जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत आहे, आणि २०२२ मध्ये 'मंकीपॉक्स'चं 'एमपॉक्स' झालं.

पण जुनी समजूत तशीच राहिली तर नवा शब्दही मळतो. 'मनोरुग्ण' हा शब्द 'वेडा'पेक्षा सभ्य म्हणून आला. आज तो भांडणात शिवी म्हणून वापरतात. 'कुष्ठरोगी', 'एड्सग्रस्त' यांऐवजी 'कुष्ठरोग असलेली व्यक्ती' म्हणायला दोन शब्द जास्त लागतात, तेवढे खर्च करावेत असं मला वाटतं.

११. मानसिक आजार हा मेंदूतला बिघाड आहे, मधुमेहासारखाच, असं समजावलं की लोक समजून घेतात ना?

अर्धंच. 'मेंदूतलं रसायन बिघडलंय' म्हटलं की दोष देणं कमी होतं. 'नाटकं करतोय', 'मन घट्ट कर' हे बोल थांबतात. पण अनेक अभ्यासांत याची दुसरी बाजूही दिसली. बिघाड मेंदूतच आहे म्हटल्यावर लोकांना वाटतं की तो कायमचा आहे, बरा होणार नाही, माणूस मुळातच वेगळा आहे. मग ते अंतर ठेवतात. मुलीच्या लग्नाची बोलणी चाललेल्या घरात हे वाक्य आधाराचं ठरण्यापेक्षा घाताचं ठरलेलं मी पाहिलंय.

म्हणून कारण सांगताना बरं होण्याबद्दलही सांगा. उपचाराने काय सुधारतं, किती लोक कामाला लागतात, सध्या या माणसाला काय काय जमतंय. अपस्माराचंच घ्या. योग्य औषध मिळालं तर सुमारे ७० टक्के लोकांचे झटके थांबू शकतात. मेंदूच्या रचनेपेक्षा हे एक वाक्य घरच्यांना जास्त धीर देतं.

१२. मग कलंक कमी होतो तरी कशाने? पोस्टर, व्याख्यानं यांनी?

पोस्टरने माहिती वाढते. वागणं फार बदलत नाही. आधी मीही खूप पोस्टर चिकटवली आहेत.

सगळ्यात चांगला परिणाम दिसतो तो प्रत्यक्ष संपर्काचा. ज्याला तो आजार आहे किंवा होता, अशा माणसाशी बरोबरीच्या नात्याने बोलणं, काम करणं. मानसिक आजारांच्या कलंकावर २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगभरचा पुरावा तपासला, त्याचाही निष्कर्ष हाच. 'बरोबरीच्या नात्याने' हे महत्त्वाचं, कारण नर्सला रुग्ण रोजच भेटतात, पण ते सगळ्यात आजारी असताना. तोच माणूस बरा होऊन प्रशिक्षणात शिकवायला उभा राहिला की गोष्ट वेगळी होते.

प्रसिद्ध माणसांचाही उपयोग होतो. एप्रिल १९८७ मध्ये राजकुमारी डायना यांनी लंडनमध्ये एड्सच्या रुग्णाशी हातमोजा न घालता हस्तांदोलन केलं. तो फोटो शंभर पत्रकांचं काम करून गेला. नोव्हेंबर १९९१ मध्ये बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन यांनी स्वतःला एचआयव्ही असल्याचं जाहीर केल्यावर अमेरिकेत तपासणीसाठी विचारणा एकदम वाढली. अशा लाटा ओसरतात, हेही तितकंच खरं.

मला मात्र सगळ्यात जास्त विश्वास वाटतो तो कंटाळवाण्या गोष्टींवर. रांगेत नावासोबत विभाग पुकारायचा नाही. औषधं साध्या पाकिटात द्यायची. फाइलवर खुणा नकोत. खिडकीशी 'कशासाठी आलात?' हे मागच्या पाच जणांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं नाही. याला निधी लागत नाही.

१३. वेगळी इमारत, वेगळा दिवस ठेवला तर गुप्तता राहील ना?

पाटी वाचता येणाऱ्या प्रत्येकाला कळतं की त्या दारातून कोण कशासाठी आत जातंय. म्हणून या सेवा सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागात मिसळाव्यात, असा माझा कल आहे.

पण माझं मत न पटणारे रुग्णही आहेत आणि त्यांची बाजू खोटी नाही. वेगळ्या केंद्रातला कर्मचारी आजार जाणतो, नजर रोखून बघत नाही, शेजारी बसलेला त्याच आजाराचा असतो. सामान्य विभागात शंभर अनोळखी नजरांत बसण्यापेक्षा ते बरं वाटतं. काही जण तर ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मुद्दाम लांबच्या केंद्रात नाव घालतात. प्रवासाचा खर्च झेपत असेल आणि त्यामुळे एकही तारीख चुकत नसेल, तर त्यात वावगं काही नाही. तारखा चुकायला लागल्या की जवळच्या केंद्राचा विचार करा.

१४. आजार मला नाही, माझ्या भावाला आहे. पण लोक आम्हा सगळ्यांनाच टाळतात.

घरावर बट्टा लागणं म्हणतात ते हेच. गॉफमन यांनीही हा प्रकार वेगळा नोंदवला होता. जवळच्या माणसावर तो शिक्का उसना चढतो. त्याचा तब्येतीवरचा परिणामही खरा असतो. घरचे बाहेर जाणं कमी करतात, सांभाळणाऱ्याचं स्वतःचं दुखणं मागे पडतं, आणि नकळत रुग्णालाच घरात झाकून ठेवलं जातं. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसायला सांगितलं जात असेल, तर ते थांबवण्यापासून सुरुवात करा. लोकांना किती सांगायचं ते मात्र तुम्ही परस्पर ठरवू नका, भावाला विचारा (प्रश्न ६).

१५. मी बरा झालोय. एक संस्था म्हणते, तुमची गोष्ट सगळ्यांसमोर सांगा, इतरांना धीर येईल. सांगू का?

वर संपर्काचं इतकं कौतुक केल्यावर (प्रश्न १२) मी 'हो' म्हणेन असं वाटलं असेल. पण तसं बंधन तुमच्यावर नाही. इतरांना धीर देणं हे बरं झाल्याचं भाडं नव्हे.

सांगायचं ठरवलंत तर आधी लहान खोलीत, दहा-बारा जणांसमोर सांगून बघा. घरी गेल्यावर कसं वाटतं, झोप लागते का, ते पाहा. कॅमेऱ्यासमोरचं प्रकरण निराळं. व्हिडिओ तुमच्या मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचतो आणि पाच वर्षांनीही सापडतो, म्हणून त्यांच्याशीही आधी बोला. नाव, चेहरा, गाव यांतलं काय दिसणार, कुठे आणि किती दिवस वापरणार, मन बदललं तर काढून टाकणार का, हे संस्थेकडून लेखी घ्या. लेखी द्यायला ती का-कू करत असेल, तर सही करू नका.